शेवंतीला उसाचे पाणी नको



दिवाळीच्या सुमारास बाजारातून फुललेल्या शेवंतीची कुंडी हौसेने आणायची, ओसरीवर मांडायची आणि संक्रांतीच्या आत ती उकिरड्यावर टाकायची, हा प्रकार वाड्या-वस्त्यांवर बराच दिसतो. मग म्हणायचे, रोपवाल्याने फसवले. आमचे स्पष्ट मत असे की, बहुतेक वेळा दोष रोपाचा नसतो, पाणी देणाऱ्या हाताचा असतो.

आपण पडलो ऊसवाले. सरी तुडुंब भरल्याशिवाय आपल्याला पाणी दिल्यासारखे वाटतच नाही. या सवयीने कृष्णाकाठच्या कैक चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या, ते निराळे सांगायला नको. शेतात ते कळायला वर्षे जातात. कुंडीत थोड्याच दिवसांत कळते. खालची पाने पिवळी पडतात, मुळे कुजतात, रोप मान टाकते. आणि मान टाकली म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो! अहो, आधी बोटाचे एक पेर मातीत घालून बघा. कोरडे लागले तरच पाणी, तेही बुडाशी, पानांवर नको. तळाला भोक आणि भोकावर खापरी हवीच. रंगाच्या डब्यात लावणार असाल तर डब्याला आधी भोके पाडा.

खताचे म्हणाल, तर कारखान्याचे ताजे प्रेसमड कुंडीत मुळीच घालू नका. कुजताना ते तापते, कोवळी मुळे होरपळतात. पुरते कुजलेले, मातीसारखा वास येणारे एक भाग, पोयटा दोन भाग आणि थोडी वाळू, एवढे पुरे. युरियाने नुसता पाला माजतो. वर पाचटाचे बारीक तुकडे पसरावेत. पेटवून देण्यापेक्षा ते बरे.

दुसरी गोष्ट उजेडाची. दिवस लहान-मोठा होण्यावर झाडाचे फुलणे अवलंबून असते, हे अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडले. आपल्या उसाच्या तुऱ्याचाही दिवसाच्या लांबीशी संबंध आहेच. शेवंती रात्र मोठी होऊ लागली की कळी धरते. अंगणात रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली कुंडी ठेवली तर पाला भरपूर, कळी नाही. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवायला पैसा लागत नाही.

फुले सरली की रोप चार बोटे ठेवून छाटावे. बुडातून काश्या फुटतात. त्या मुळांसकट सोडवून पावसाळ्याच्या तोंडाला नव्या कुंडीत लावाव्यात, आणि रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात. गौरी-गणपती आटोपले की खुडणे बंद. त्यानंतर खुडाल तर कळ्याच हातात येतील. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारावा.

दुसऱ्या वर्षी रोप उंच होते, म्हणून बिचकू नये. रोपवाटिकेत पुष्कळदा वाढ रोखणारे औषध देऊन ते बुटके ठेवतात. घरी त्याला काठीचा आधार द्यावा. एका बुडातून काश्या गरजेपेक्षा जास्तच निघतात. उरलेल्या शेजारी द्याव्यात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी फुलांचा भाव काय होतो, ते घरातल्या बायामाणसांना विचारा.