खणात राहिलेले हस्तलिखित

बी. एच. रॉबर्ट्स हे मॉर्मन चर्चचे ज्येष्ठ पदाधिकारी आणि 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथाचे खंदे समर्थक. १९२१ साली त्यांच्याकडे काही प्रश्न आले. ग्रंथात प्राचीन अमेरिकेतले घोडे, पोलाद, रेशीम येते. याचा पुरावा कुठे आहे? जानेवारी १९२२ मध्ये रॉबर्ट्स यांनी या अडचणी वरिष्ठांपुढे मांडल्या. त्यांचे समाधान झाले नाही. मग १८३०च्या या ग्रंथाची ईथन स्मिथ यांच्या १८२३च्या पुस्तकाशी असलेली साम्येही त्यांनी तपासली. ते लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९३३ साली ते वारले. हस्तलिखित प्रसिद्ध झाले १९८५ मध्ये.

त्यांची श्रद्धा ढळली होती का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्यांनाच विचारण्याची संधी मात्र गेली.

माझ्या मते शंका बोलून दाखवल्याने श्रद्धेचे फारसे बिघडत नाही. लपवलेली शंका नंतर सापडली, की नव्या पिढीला फसवल्यासारखे वाटते. आपली इथे वाढलेली मुले पूजेबद्दल, पोथीबद्दल विचारतात, तेव्हा 'असंच असतं' म्हणून त्यांना गप्प करू नये. आपल्यालाही तो प्रश्न पडला असेल, तर तसे सांगावे.