नॅनोचा धडा : खर्चाचे गणित जुळले, खपाचे चुकले

टाटा मोटर्सच्या ‘नॅनो’चे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. बाजारपेठेतील अपयश म्हणून तिची कहाणी सांगितली जाते. व्यवस्थापकीय लेखांकनाच्या दृष्टीने मात्र तिचा धडा वेगळा आहे.

सर्वसाधारणपणे उत्पादनखर्चात नफा मिळवून किंमत ठरते. येथे आधी एक लाख रुपये ही किंमत ठरली आणि त्यातून नफा वजा करून खर्चाची मर्यादा आखण्यात आली. दोन सिलिंडरचे ६२४ सीसी इंजिन, एकच वायपर, चाकाला तीनच नट अशा काटकसरीतून २००९ मध्ये मूळ मॉडेल करांव्यतिरिक्त सुमारे एक लाखात बाजारात आले. खर्चनियंत्रणाची ही कामगिरी वादातीत होती.

अडचण भांडवली गुंतवणुकीत होती. प्रकल्प २००८ मध्ये सिंगूरमधून हलवावा लागल्यानंतर गुजरातमधील साणंद येथे वर्षाला अडीच लाख मोटारींच्या क्षमतेचा कारखाना उभा राहिला. विक्री मात्र सर्वाधिक खपाच्या २०११-१२ या वर्षातही ७५ हजारांच्या आसपासच राहिली. मोटारी कमी निघाल्या म्हणून घसारा व व्याज कमी होत नाही. पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्येक मोटारीवरील हा भार तिपटीहून अधिक होतो आणि सुट्या भागांत वाचविलेला पैसा तेथेच खर्ची पडतो.

म्हणूनच मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देताना संचालक मंडळाने ‘खर्च किती’ याबरोबरच ‘खप निम्माच झाला तर काय’ हेही विचारले पाहिजे. त्या उत्तरावरच अंदाजपत्रकाचा खरा कस लागतो.