लघवीतले रक्त, पोटावरची पिशवी आणि आपण

आपल्या वस्तीत एखाद्याला लघवीतून रक्त गेले तर त्याला पहिला सल्ला काय मिळतो? 'उन्हाळी लागली असेल, धन्याजिऱ्याचे पाणी पी.' दुसरा सल्ला, 'मुतखडा असेल, पडून जाईल.' तिसरा सल्ला मिळत नाही, कारण तोवर रक्त आपोआप थांबलेले असते. माणूस पुन्हा कामावर जातो आणि आतला आजार वाढत राहतो.

आमच्या वस्तीतल्या एका काकांचे असेच झाले. तीस वर्षे नाक्यावर उभे राहून रंगारीकाम केले. सोबतीला बिडी. लघवी लाल झाली, दुखत मात्र काहीच नव्हते. जवळच्या डॉक्टरने तीन वेळा गोळ्या दिल्या, सोनोग्राफी एकदाही सांगितली नाही. वर्ष गेले. मोठ्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूत उतरला होता.

या आजाराचा कावाच असा आहे की सुरुवातीला तो दुखत नाही. न दुखता लघवीतून रक्त जाणे, तेही एकदाच, हे मूत्राशयाच्या कॅन्सरचे सर्वात मोठे लक्षण आहे. बाईच्या बाबतीत तर 'पाळीचे असेल' म्हणून आणखी उशीर होतो. बिडी-सिगारेट हे त्याचे प्रमुख कारण. रंगकाम, रबर उद्योग आणि काही रंगद्रव्यांची रसायने यांचाही त्याच्याशी संबंध सिद्ध झालेला आहे. ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

लवकर सापडला तर काय होते, तेही ऐका. निदानाच्या वेळी साधारण चारपैकी तिघांचा हा कॅन्सर स्नायूत उतरलेला नसतो. तेव्हा पोट न फाडता, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढता येते. पुन्हा होऊ नये म्हणून गरजेप्रमाणे मूत्राशयात औषध सोडतात. त्यातले एक औषध म्हणजे बीसीजी, बाळाच्या दंडावर टोचतात तेच! पण स्नायूत उतरला की बहुधा केमोथेरपी देऊन आख्खे मूत्राशय काढावे लागते. काही निवडक रुग्णांत केमो आणि रेडिएशन देऊन ते वाचवता येते. किडनीचा कॅन्सर लहान असताना सापडला तर गाठीपुरताच भाग काढून किडनी वाचवता येते. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरलाही हार्मोनच्या उपचारांनी बराच काळ रोखता येते.

आणि तरुण पोरांनो, हे खास तुमच्यासाठी. वृषणाचा कॅन्सर हा ऐन तारुण्यातला आजार आहे. न दुखणारी गाठ लागते, पोरगा लाजेने कोणाला सांगत नाही. वास्तविक हा कॅन्सर शरीरात पसरल्यावरसुद्धा बहुतेकदा पूर्ण बरा होतो. केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवले तर पुढे बाप होण्याची वाटही मोकळी राहते. म्हणजे इथे पोरगा गमावण्याची वेळ आलीच, तर ती आजारापेक्षा लाजेमुळे आणि उशिरामुळे येते.

आता पैशाचा प्रश्न. आपल्या ग्रुपवर दर आठवड्याला एक क्यूआर कोड फिरतो. 'समाजबांधवांनो, मदतीचा हात द्या.' आपण शंभर-दोनशे टाकतो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मिळवतो. मदत करू नका असे माझे म्हणणे नाही. पण हक्काचे दार न ठोठावता आधी झोळी पसरायची, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले का?

हक्काची दारे कोणती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत, त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन येते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्यांदा त्याच्याकडे जायचे. धर्मादाय रुग्णालयांवर तर कायद्याचेच बंधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 41 कक आणि उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना यांनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवूनही नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला प्रवासभाड्यात सवलत आहे. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा आहे.

यावर काही कार्यकर्ते म्हणतात, 'योजना कागदावर असतात, खाटा भरलेल्याच असतात.' खरे आहे. योजना मंजूर होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च अनेकदा खिशातून जातो, बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. पण म्हणूनच तर तिथे संघटना लागते! एकटा रंगारी काउंटरवर उभा राहिला तर त्याला हाकलतात. त्याच्यासोबत कायद्याचे कलम माहीत असलेली दोन पोरे उभी राहिली तर काउंटरवरची भाषा बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा अदारकर अहवाल 1944 साली त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगाराचे आजारपण ही त्याची खासगी बाब नाही, हा त्यामागचा विचार. नाक्यावरच्या रंगाऱ्याला तो विमा मिळत नाही. पण रंगकाम हे कायद्याने बांधकामच आहे. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होऊ शकते. आमच्या काकांची नोंदणी नव्हती. तीस वर्षांत एकाही कार्यकर्त्याने त्यांना विचारले नव्हते. त्यात मीही आलो.

आता शेवटचे, आणि हे मला सर्वात जास्त बोचते. काकांचे मूत्राशय काढले. लहान आतड्याचा तुकडा वापरून पोटावर वाट केली, तिथे लघवीची पिशवी लावली. ती नीट बसवली तर वास येत नाही, आजार कोणाला लागत नाही. माणूस काम करू शकतो, प्रवास करू शकतो. अशा लोकांसाठी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत काम करते. पण बुद्धपौर्णिमेला विहारात खीरदानाच्या पंगतीला काका बसले आणि त्यांच्या शेजारचे दोघे उठून दुसरीकडे जाऊन बसले. त्यानंतर काका विहारात आलेले नाहीत.

सांगा, याला काय म्हणायचे? ज्यांच्या आज्याला पाणवठ्यावरून हाकलले, त्यांची नातवंडे पिशवीवाल्या माणसापासून पान दूर सरकवतात? मग आपण गावकुसाबाहेरून नेमके काय शिकून आलो?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाखेने दोन कार्यकर्ते रुग्णहक्कांसाठी नेमावेत. त्यांनी नाक्यावर जाऊन कामगारांची नोंदणी करावी. विहारातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावे : 'लघवीतून एकदा जरी रक्त गेले तरी तपासणी करा.' आणि येत्या रविवारी वंदनेआधी काकांच्या घरी जाऊन त्यांना सोबत घेऊन यावे. त्यांच्या शेजारी मी बसणार आहे. दुसऱ्या बाजूला कोण बसणार, ते तुम्ही ठरवा.

जय भीम!