विश्लेषण : मोटार नसताना नोकरी-कॉलेजच्या जवळ राहायला जावे का?

जून जवळ आला की मुंबई महानगरातील भाड्याच्या घरांचा बाजार हलू लागतो. अकरा महिन्यांचे करार संपत आलेले असतात, कॉलेज प्रवेशांची धावपळ सुरू असते आणि बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल येथील घराघरांत एकच विषय निघतो. आता तरी थोडे आत सरकायचे का? मोटारीने कामावर जाणारे या महानगरात अल्पसंख्यच. बाकीच्यांचे उत्तर लोकल, बस, रिक्षा आणि स्वतःचे पाय यांवर ठरते. तरीही घर शोधताना बहुतेकजण नकाशावरचे किलोमीटर मोजतात. तिथेच हिशेब फसतो.

भाडे वाढूनही प्रवासखर्च कमी होत नाही, असे का?

समजा, बदलापुरातील एका कुटुंबात एकाची नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि मुलीला माटुंग्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर. अंतर एवढे, पण दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शे रुपयांत येतो आणि विद्यार्थ्यांना त्यातही सवलत. म्हणजे घर आत सरकवून प्रवासात पैसे वाचतील, हा विचार सोडून द्यावा. उलट खर्च वाढूही शकतो. महानगरात रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, तेही पहिल्या दीड किलोमीटरसाठी. घर ते स्थानक किमान भाड्याची रिक्षा दिवसातून दोनदा केली, तर महिन्याच्या २४ दिवसांचे १,२४८ रुपये होतात. हा आकडा दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या कितीतरी पुढे जातो. बेस्टचे किमान भाडेही मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपयांवर गेले.

हेच कुटुंब चांदिवलीत आले तर? नकाशावर सगळे हाकेच्या अंतरावर दिसते. पण जवळ रेल्वे स्थानक नाही. मुलीला आधी घाटकोपर किंवा कुर्ला गाठायचे, मग धिमी लोकल पकडायची. पावसाळ्यात सकाळी साकीनाक्याची कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या ‘आधी’ शब्दाचे वजन कळेल. याउलट कुर्ल्यात स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर घर मिळाले, तर माटुंगा धिम्या गाडीने दुसरे स्थानक आणि संकुलाकडे बस किंवा शेअर रिक्षा. दोन्ही घरे ‘जवळ’च म्हणायची, पण एकीकडे दोन वाहने आणि दुसरीकडे एक. आणखी एक, सायन-माहीमच्या पलीकडे शहरात रिक्षा धावत नाही. तिथे घाईच्या दिवशी टॅक्सीच करावी लागते आणि तिचे किमान भाडे ३१ रुपये.

मग वेळेचा भाव काय धरायचा?

दारापासून दारापर्यंतचा वेळ धरावा, वेळापत्रकातला नव्हे. बदलापूरहून प्रत्येकाला एका बाजूने पावणेदोन तास लागत असतील आणि नव्या घरातून पाऊण तास, तर रोज माणशी दोन तास वाचतात. दोघांचे मिळून महिन्याला ९६ तास. भाड्यातला फरक १५ हजार रुपये धरला, तर वाचलेला प्रत्येक तास साधारण १५६ रुपयांना पडतो. हा भाव परवडतो की नाही, हे प्रत्येक घराने आपापल्या पगाराकडे पाहून ठरवायचे. मात्र सगळे तास एका मोलाचे नसतात. प्रयोगशाळेच्या तुकडीला संध्याकाळी सहाची वेळ मिळालेल्या, किंवा ग्रंथालय बंद होईपर्यंत बसू पाहणाऱ्या मुलीला ते दोन तास अभ्यासाचे. पहाटे साडेचारला उठून पाणी भरणाऱ्या, दोन डबे करून सातची गाडी गाठणाऱ्या बाईला ते झोपेचे. घराच्या चर्चेत भाड्याचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तिची झोप क्वचितच कोणी मोजते. आणि वाचलेला वेळ मोबाइलवरच जाणार असेल, तर महिना १५ हजार फार झाले.

आत सरकले की गर्दीही कमी होते का?

इथे फसगत होते. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत थोडे लवकर पोहोचले तर बसायला जागा मिळते. तीच गाडी मुलुंड-घाटकोपरला येते तेव्हा दारात पाय ठेवायलाही जागा नसते. म्हणजे सव्वा तास बसून येण्याच्या बदल्यात पंचवीस मिनिटे चेंगरून जाणे पदरी पडू शकते. जागेसाठी उलट्या दिशेने ‘रिटर्न’ येणारे प्रवासी हा हिशेब केव्हाच शिकले आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. ते ठिकाण उपनगरी मार्गाच्या टोकाला नव्हे, मधल्या टप्प्यात आहे. म्हणून घर पक्के करण्याआधी आठवडाभर त्या स्थानकावर, ऑफिसच्याच वेळेला, उभे राहून पाहावे. तिथून गाडी सुटते का, धिमी चालते का, महिलांच्या डब्यात शिरता येते का? दलाल सांगतो ते ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ही पायी मोजून पाहावे, ते बहुधा रिक्षाचे असतात.

करार करताना काय पाहायचे?

एकदाचा खर्च भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. अनामत, सहसा एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, टेम्पो, नोंदणी हे सारे सुरुवातीलाच द्यावे लागते. नोंदणीचा खर्च त्यात किरकोळ. महिना २५ हजार भाडे आणि एक लाख अनामत असेल, तर ११ महिन्यांसाठी ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे ७१० रुपये आणि शहरात नोंदणी फी एक हजार. तो वाचवण्यासाठी नोंदणी टाळू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. घरभाडे भत्त्यावरील करसवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे. मुलीच्या रेल्वे सवलतीचे काय होते, हे मात्र बहुतेक घरांत शेवटी आठवते. सवलत राहत्या स्थानकापासून कॉलेजच्या स्थानकापर्यंतच असते, म्हणून कॉलेज कार्यालय पत्त्याचा पुरावा मागते. आधार कार्डावर बदलापूर आणि मुक्काम कुर्ल्यात, अशी स्थिती फार काळ ठेवता येत नाही.

कॉलेज तीन वर्षांत संपेल. नोकरी त्याआधीही बदलेल. संकुलातले ऑफिस उद्या ऐरोलीला गेले, तर ठाण्यातल्या भाडेकरूला ट्रान्सहार्बरची लोकल आहे, चांदिवलीतल्याला मात्र पुन्हा सगळे मांडावे लागेल. त्यामुळे दोन-तीन मार्ग एकत्र येणारे ठाणे, कुर्ला, घाटकोपर यांसारखे स्थानक, तिथून चालत जाता येईल असे लहान घर आणि निदान विद्यार्थ्याला एकाच गाडीचा प्रवास, हे जमत असेल तर कॉलेजची वर्षे तरी जावे, असे आमचे मत आहे. जमत नसेल, तर ऑफिसच्या चार किलोमीटरवरच्या आडबाजूच्या घरासाठी कर्ज काढू नये. बदलापुरातच स्थानकापासून लांबच्या गृहसंकुलातून चालत्या अंतरावर येणे हाही पर्याय आहे. त्याने रिक्षाचे पैसे आणि अर्धा तास वाचतो, भाडे मात्र फारसे वाढत नाही. याकडे सहसा कोणी पाहतच नाही.

हा प्रश्न फक्त कुटुंबाचा आहे का?

नाही. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नोंदवले होते. घरे आहेत, पण ती भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे मालकांना सुरक्षित वाटते. दुसरीकडे स्थानकालगतच्या नव्या टॉवरमध्ये वाहनतळाचे मजल्यावर मजले चढतात आणि त्यांचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो. पुढे भाड्यातून तो मोटार नसलेल्यालाही भरावा लागतो. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली, आणखी मार्गिका येत आहेत. या स्थानकांपासून चालत्या अंतरात वाहनतळाची सक्ती कमी करावी आणि त्या बदल्यात ठरावीक घरे भाड्यासाठीच राखून ठेवायला लावावीत. हे अधिकार राज्य सरकार आणि महापालिका यांच्याच हाती आहेत, त्यासाठी केंद्राकडे जाण्याचीही गरज नाही.