अश्वशक्तीआधी आलेख पाहावा

विहिरीवर मोट चालत होती तेव्हा पाण्याची खोली शेतकऱ्यास कोणी सांगावी लागत नसे. पाणी खाली गेले की मोट वर येण्यास वेळ लागे, बैल लवकर दमत आणि सायंकाळी भिजलेले वाफे मोजले की सारा हिशेब उलगडे. मोटेची जागा पंपाने घेतली आणि कष्ट वाचले. परंतु तो हिशेबही आपल्या हातून सुटला. आज दुकानात गेलेला शेतकरी “पाचचा द्या” किंवा “साडेसातचा द्या” एवढेच म्हणतो. आमच्या मते पंपखरेदीतील पुष्कळशा नुकसानीचे मूळ ह्या एका वाक्यात आहे.

अश्वशक्ती ही मोटारीची ताकद होय. ती किती पाणी किती उंच चढवील, हे तेवढ्यावरून कळत नाही. एकाच अश्वशक्तीचा एक पंप थोड्या उंचीवर पुष्कळ पाणी देतो, तर दुसरा पुष्कळ उंचीवर थोडे. पंपाच्या पाटीवर हेड व डिस्चार्ज असे जे दोन आकडे असतात, ते त्याच्या कामगिरीच्या आलेखावरील केवळ एक बिंदू दाखवितात. पंप नेहमी त्याच बिंदूवर चालेल, अशी हमी ती पाटी देत नाही. तो कोठे चालावयाचा हे आपली विहीर आणि आपली पाइपलाइन ठरविते.

एक उदाहरण घेऊ. पाच अश्वशक्तीचा, विहिरीत बुडवून ठेवावयाचा एक पंप आहे. पाटीवर ३० मीटर हेड व सेकंदास साडेसात लिटर पाणी असे लिहिले आहे. ह्याच पंपाच्या आलेखावर पाणी पूर्ण बंद असता हेड ४० मीटर दिसते, पाच लिटरला ते सुमारे ३६ मीटर असते आणि दहा लिटरला सुमारे २२ मीटरपर्यंत उतरते. म्हणजे पाणी वाढले की उंची घटते. आता उन्हाळ्यात विहिरीतील पाण्यापासून शेतातील तोंडापर्यंतची उभी उंची २० मीटर आहे आणि पाइप ७५ मिलिमीटर आतील व्यासाचा, ३०० मीटर लांबीचा आहे असे समजा. साडेसात लिटर पाणी वाहताना ह्या पाइपातील घर्षणास सुमारे १० मीटर हेड खर्ची पडते. वीस आणि दहा मिळून तीस झाले. पंप पाटीवरील बिंदूवरच चालला.

परंतु चार पैसे वाचविण्यासाठी ६० मिलिमीटर आतील व्यासाचा पाइप टाकला तर? घर्षण जवळजवळ तिप्पट होते. पंप मागे सरकतो आणि सव्वापाच लिटरांच्या आसपास पाणी देऊ लागतो. एका एकरास पाच सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे दोन लक्ष लिटर लागतात. पहिल्या पाइपाने ते साडेसात तासांत होते. दुसऱ्याने साडेदहा तास लागतात. विजेची पाळी आठ तासांची असेल, तर पहिल्या शेतकऱ्याचा एकर एका पाळीत भिजतो आणि दुसऱ्याचा कोरडा राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवसाची वाट पाहतो. ऐन दाणे भरण्याच्या वेळी ह्या फरकाचे मोल काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. दोघांचा पंप मात्र एकच आहे!

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पावसाळ्यात त्याच विहिरीचे पाणी १० मीटर वर आले की एकूण हेड कमी होते व पंप सव्वानऊ लिटरांपर्यंत जातो. पाणी वाढलेले पाहून आपण संतोष मानतो. परंतु विहिरीवरच्या बहुतेक सेंट्रिफ्यूगल पंपांत पाणी वाढले की मोटारीवरचा भारही वाढतो. “असू द्यावे जास्तीचे” म्हणून गरजेहून पुष्कळ अधिक हेडचा पंप घेणाऱ्याची मोटार जळते, ती बहुधा ह्यामुळे. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा आणि पाटीवरील कमाल अँपिअरच्या वर काटा जाऊ देऊ नये. राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत विजेची योजना आली. तथापि मोटारीचे वाइंडिंग कोणीही मोफत करून देत नाही.

सौर पंपाच्या बाबतीत तर आलेखावाचून गत्यंतर नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत जमिनीच्या क्षेत्रावरून तीन, पाच किंवा साडेसात अशी अश्वशक्ती ठरते. क्षेत्रावरून पाण्याची गरज कळते हे खरे. पण विहिरीची खोली कळत नाही. ऊन कमी झाले की मोटारीचा वेग घटतो आणि हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. वरील पंपाचा वेग ऐंशी टक्क्यांवर आला तर पाणी साडेसातावरून चार लिटरांवर येते. सत्तर टक्क्यांवर आला तर पंप फिरत राहतो, पण थेंबही वर चढत नाही. ढगाळ दिवशी “पंप खराब निघाला” अशी जी तक्रार होते, तिच्यापैकी काही तक्रारी वस्तुतः चुकीच्या निवडीच्या असतात. म्हणून अर्ज करतानाच त्या अश्वशक्तीतील कोणत्या हेडचा पंप आपल्यास हवा, हे शेतकऱ्याने ठरवून ठेविले पाहिजे.

काहीजण म्हणतील की, आलेख वाचणे हे इंजिनिअरचे काम, शेतकऱ्यास ते कसे जमावे? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. जो सातबारा वाचतो, मोजणीचा नकाशा लावून बांध शोधतो, त्यास एक उतरती रेषा वाचता येणार नाही हे संभवत नाही. ती त्याच्यापुढे कोणी ठेवीत नाही, एवढीच अडचण आहे. विक्रेत्याने प्रत्येक पंपाबरोबर मराठीतील आलेख द्यावा आणि कृषी सहायकांनी गावच्या बैठकीत तो एकदा उलगडून दाखवावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

शेतकरी बंधूंनी आपल्या परीने एवढे करावे. चैत्र-वैशाखात दोराने पाण्याची पातळी मोजावी व पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावी. पाइपाची लांबी, आतील व्यास व बेंडांची संख्या लिहून ठेवावी. दोनशे लिटरचे पिंप घेऊन ते किती सेकंदांत भरते ते पाहावे. सत्तावीस सेकंद लागले तर पाणी साडेसात लिटरांच्या जवळपास आहे असे समजावे. हा कागद खिशात घेऊन दुकानात जावे आणि पहिला प्रश्न अश्वशक्तीचा न विचारता असा विचारावा: “माझ्या एवढ्या हेडला हा पंप किती पाणी देईल, ते आलेखावर दाखवा.” ज्यास हे दाखविता येत नाही, त्याच्याकडून पंप घेण्याची घाई करू नये.