केमोच्या औषधाने अंगावर उठणाऱ्या चट्ट्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय

विषय : केमोथेरपीमुळे होणाऱ्या स्वयंप्रतिकार त्वचाविकारांचे वेळीच निदान व नोंद होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे केमो घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक आहोत.

आमच्यापैकी एकीच्या आईला पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी दंडांवर, गळ्याखाली आणि पाठीवर लाल, खवलेदार गोल चट्टे उठले. केमो केंद्रावर सांगितले, "उन्हाने झालं असेल." औषध दुकानदाराने नायट्याचे मलम दिले. पुढे त्वचेचा तुकडा तपासला, रक्तात अँटी-रो प्रतिपिंडे सापडली, तेव्हा औषधाने चेतवलेला ल्युपस हा स्वयंप्रतिकार त्वचाविकार ठरला. ऊन हे निमित्त होतेच, म्हणून तर चट्टे उघड्या अंगावर होते. डोसिटॅक्सेल आणि कॅपेसिटॅबिननेही असा ल्युपस झाल्याच्या नोंदी आहेत. पेंब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांनी अंगावर मोठे फोड आणणारा पेम्फिगॉइड होऊ शकतो. नायट्याच्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली तात्पुरती दबते आणि निदान लांबते.

औषधाविरुद्ध आमची तक्रार नाही. त्यानेच गाठ आटली. पण चट्टे पाहून रुग्णाने घाबरून केमो सोडणे आणि कोणी न बघता पुढची बाटली लावणे, दोन्ही टळले पाहिजे.

सबब, प्रत्येक फेरीआधी परिचारिकेने आडोशाला रुग्णाचे हात, गळा, पाठ व तोंड पाहून केसपेपरवर नोंद करावी. याला खर्च नाही. केमोच्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ उपलब्ध असावेत. त्वचेच्या तुकड्याची इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी येथे होत नसल्यास नमुना रुग्णालयानेच बाहेर पाठवावा. तो पिशवीत घालून नातेवाइकाला एसटीने धाडू नये.

ताप, तोंड सोलणे, फोड किंवा कातडी सुटणे दिसल्यास त्याच दिवशी यावे, असे सांगणारे मराठी पत्रक फोन क्रमांकासह द्यावे. उन्हात जाऊ नका, एवढे लिहून भागणार नाही; काढणीच्या दिवसांत ते कोण पाळणार? लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल, कामाची वेळ, हे सांगावे.

अशा प्रत्येक घटनेचा अहवाल भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे जावा. त्यांचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक केंद्राच्या भिंतीवर लावावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
केमोथेरपी रुग्णांचे नातेवाईक
(सह्यांची यादी सोबत)