आडनाव न विचारणारा चांगुलपणा

'पूर्वीसारखी माणुसकी राहिली नाही हो' हे वाक्य आपल्याकडे चहाबरोबर येतं. निवृत्त मंडळी ते म्हणतात, हे समजण्यासारखं आहे. हल्ली मात्र पंचविशीतली पोरंही तेच म्हणतात आणि त्यांनी ते 'पूर्वी' पाहिलेलंही नसतं. या वाक्याला कुणी पुरावा मागत नाही. मला मागायचा आहे. कारण पुरावा तपासत गेलं की गोष्ट उलटी निघते. परक्या माणसाने परक्या माणसाला, काही न विचारता, हात द्यावा ही रीत आपल्याकडे नवी आहे. रेल्वेचा डबा, एसटीचं बाकडं, सार्वजनिक नळ इथे ती वाढली. गावच्या पारावर ती फारशी नव्हती.

पारावर ओळखीच्यांसाठी पुष्कळ काही होतं. लग्नाला अख्खी आळी राबायची, बाळंतिणीसाठी चार घरांतून डिंकाचे लाडू यायचे, कुणाचा बैल मेला तर दुसऱ्याची जोडी पेरणीला मिळायची. यातलं काही खोटं नाही आणि मला त्याची टिंगलही करायची नाही. पण परका वाटसरू वेशीत आला की पहिला प्रश्न 'कोण?' असा असे, आणि त्याला उत्तर म्हणून नाव पुरत नसे, जात सांगावी लागे. पाणी तांब्याने मिळणार, वरून ओंजळीत ओतलं जाणार की मिळणारच नाही, हे त्या उत्तरावर ठरे.

हे मी कादंबरीतून उचललेलं नाही. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी खरोखरच तळ्यावर जाऊन ते पाणी प्याले, तेव्हा सभेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले आणि मागाहून तळ्याची मंत्रोच्चारात 'शुद्धी' करण्यात आली. त्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता. कोर्टकचेरी चालली ती थेट १९३७ पर्यंत. ज्या 'पूर्वी'साठी आपण उसासे टाकतो त्याच काळातल्या एका सुशिक्षित तालुक्याच्या गावची ही हकिकत आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, वारीचं काय? अन्नछत्रांचं, धर्मशाळांचं काय? अतिथीला देव मानणारी ही भूमी! बरं, पंढरपूरलाच जाऊ. गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. हातात खराटा घेतलेला माणूस लोकवर्गणीतून वेगळी धर्मशाळा का उभारतो? इतर धर्मशाळांच्या ओसरीवर ज्यांना पाठ टेकता येत नव्हती त्यांच्यासाठी. ही इमारत पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. खुद्द विठ्ठलाच्या मंदिराची दारं सर्वांना खुली व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. अतिथी देव होताच, फक्त कोणाला अतिथी म्हणायचं याची यादी आधीच तयार होती.

अपवाद होते आणि ते मोठे होते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आज ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तेव्हाच्या पुण्याला मात्र ती माणुसकी वाटली नव्हती, आगळीक वाटली होती. जो चांगुलपणा आपण 'परंपरेचा' म्हणून मिरवतो तो परंपरेशी भांडून आलेला आहे, हे विसरलं की सगळा हिशेबच चुकतो.

आता मंडनाकडे येतो. मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट घ्या. बाकडं तिघांचं. चौथा येतो, तोंडाने काही बोलत नाही, नुसता हात हलवतो. तिघे इंच इंच सरकतात आणि तो अर्ध्या मांडीवर टेकतो. रेल्वेच्या कोणत्याही नियमात हे नाही. उभ्या माणसाची बॅग बसलेला घेतो, रॅकवर ठेवतो, उतरताना हातोहात परत येते. त्या बॅगेत महिन्याचा पगार असू शकतो, हे दोघांनाही माहीत असतं. बायकांच्या डब्यात तान्हं मूल अनोळखी मांडीवर झोपतं आणि आईला तेवढी दोन स्टेशनं दम खायला मिळतो. यांपैकी एकाही व्यवहारात आडनाव विचारलं जात नाही. विचारतात ते एवढंच: 'कुठे उतरणार?'

'ही कसली दया, ही तर सोय झाली. आज मी सरकतो, उद्या माझ्यासाठी कुणी सरकेल,' असं हिशेबी लोक म्हणतात. असेल. पण आज ज्याच्यासाठी सरकलो तो उद्या भेटणार नाही, हे सरकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. परतफेड कुणाकडून, कधी, याचा पत्ता नसताना जो उधार देतो त्याला निव्वळ हिशेबी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. याच लोकलमध्ये विरार गाडीत विरारच्या अलीकडच्या स्थानकांवर उतरणाऱ्याला शिवीगाळ होते, दारात अडवलं जातं, रुमाल टाकून जागा धरल्या जातात. खरं आहे, सगळं खरं आहे. मात्र जागा कोण अडवतं ते नीट पाहा. रोज त्याच डब्यात, त्याच दारात जमणारी टोळकी अडवतात. एकमेकांचे वाढदिवस साजरे करणारी, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणारी. म्हणजे डब्यातला आडमुठेपणा ओळखीच्यांचा असतो आणि चौथी सीट देतो तो अनोळखी. पारावरची माणुसकीच इथे रुमाल टाकून बसलेली असते, असं म्हटलं तर ते कडवट लागेल. पण मला ते तसंच दिसतं.

मग लोक अपघाताच्या जागी उभं राहून व्हिडिओ का काढतात? इथे मानसशास्त्राच्या पुस्तकातली जुनी गोष्ट काढली जाते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि अडतीस शेजारी नुसते पाहत राहिले, अशी. ही गोष्ट तशी घडलीच नव्हती. प्रत्यक्ष हल्ला पाहणारे मोजके होते आणि एक शेजारीण तर जिना उतरून धावली. तिने शेवटच्या घटका मोजणाऱ्या किटीला धरून ठेवलं होतं. ज्या वृत्तपत्राने ती बातमी गाजवली त्यानेच पुढे तिच्यातल्या चुका मान्य केल्या. अलीकडे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ वेळा पाहणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं आणि गर्दी जितकी जास्त तितकी मदत मिळण्याची शक्यताही जास्त होती.

आपल्याकडचा माणूस अपघातात मागे राहत होता, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. त्याला भीती जखमीची नव्हती, पुढच्या फेऱ्याची होती. 'तूच धडक दिलीस का?' इथपासून पोलीस ठाणं, पंचनामा, साक्षीला तारखा, इस्पितळात 'आधी पैसे भरा' इथपर्यंत. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं, २०२० मध्ये त्याचे नियम. त्या नियमांतला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: जखमीला पोचवणाऱ्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलिसांनाही करता येत नाही, आणि जात, धर्म, लिंग यांवरून त्याच्याशी भेदभावही करता येत नाही. चौथ्या सीटवर जे अलिखित होतं ते इथे राजपत्रात छापून आलं. हे अजून पुष्कळांना माहीत नाही. शाळेत 'परोपकार' या विषयावर निबंध लिहून घेतात, त्याऐवजी हे कलम फळ्यावर लिहावं, असं मला पोटतिडकीने वाटतं.

सगळ्यात चतुर आक्षेप डावीकडून येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. छातीभर पाण्यात माणसांनी साखळ्या केल्या, चाळींनी दारं उघडली, रात्रभर चहा-बिस्किटं वाटली. दुसऱ्या दिवशीपासून 'मुंबई स्पिरिट'चा जयघोष सुरू झाला आणि त्या गजरात मिठी नदीचं गटार कुणी केलं, हा प्रश्न बुडाला. तेव्हा अशा चांगुलपणाचं कौतुक म्हणजे सत्ताधाऱ्यांना मोकळीक, असा हा युक्तिवाद. यातला राग मला मान्य आहे. त्या पावसात शहरात शेकडो माणसं गेली; 'स्पिरिट'चे फलक लावणाऱ्यांनी त्यांची यादी लावली नाही. पण बिस्किटाचा पुडा पुढे करणाऱ्या बाईने तो नाल्यांची कंत्राटं झाकायला पुढे केला नव्हता. तिच्या कृतीवर दुसऱ्याने हार चढवला, तर जाब हार चढवणाऱ्याला विचारावा.

शिवाय महाडने हा घोळ केव्हाच निस्तरला आहे. तिथे जमलेल्यांनी पाणी कुणाच्या दयेवर मागितलं नाही, हक्काने घेतलं. हक्काच्या जागी दया देणं हा अपमान असतो, हे मला शंभर टक्के पटतं. म्हणूनच पुढचा मुद्दा सुचतो. लोकलमध्ये परका परक्यासाठी सरकतो, कारण दोघांच्या खिशात एकाच वर्गाचं तिकीट असतं. पुरात दार उघडतं, कारण पाणी दोघांच्याही घोट्याला लागलेलं असतं. हक्क बरोबरीचे झाले की त्यांच्यामधल्या फटीत असा चांगुलपणा उगवतो. बरोबरी नसेल तिथे वरचा खालच्याला देतो ती भीक, मग तिच्यावर पुण्याचं कितीही लेबल लावा.

म्हणून धोका कुठे आहे, हे मला 'संस्कार कमी झाले' या दिशेने शोधावंसं वाटत नाही. मुंबईतल्या जुन्या प्याऊ पाहा. मशीद बंदरजवळची केशवजी नाईक यांची १८७६ ची प्याऊ अजून उभी आहे. भर रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाताशी. आता नव्या गृहसंकुलाच्या फाटकाकडे बघा. वहीत नाव, आडनाव, कुणाकडे, कशासाठी, गाडीचा नंबर. भाड्याचं घर शोधणाऱ्याला आडनाव आधी विचारतात आणि घर नंतर दाखवतात. पार्सल आणणाऱ्या पोराने कोणती लिफ्ट वापरायची याचा फलक लावलेला. वेस परत आली आहे, तिला फक्त बूम बॅरिअर बसवलाय. मे महिन्यात त्या पोराला पाणी देतो तो वॉचमन, स्वतःच्या बाटलीतून. का, तर दोघांचा पगार जवळपास सारखा आहे.

तेव्हा गृहनिर्माण संस्थांच्या पुढच्या वार्षिक सभेत एक साधा ठराव यावा. फाटकाबाहेर, रस्त्याच्या बाजूला, पिण्याच्या पाण्याचा एक नळ, वर सावलीपुरता पत्रा, खाली बसायला बाकडं. खर्च सोसायटीच्या दिवाळीच्या रोषणाईपेक्षा कमीच येईल. विरोध कोण करतं आणि कारण काय सांगतं, हे इतिवृत्तात शब्दशः उतरवून घ्यावं, एवढी चिटणिसांना विनंती.